कधीपासून? : डिलिरियम आणि डिमेन्शियाच्या फारकतीची गोष्ट

मंडळी, या वीकांताचा विषय जरा जड आहे. चहा घेऊन बसा.

'साठी, बुद्धी नाठी' ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. आणि 'तापात वात झालाय, बरळतोय' हेही कुठल्यातरी आजीच्या तोंडून ऐकलं असेल. म्हणजे मराठीने दोन वेगळे कप्पे केव्हाच करून ठेवलेत. एक, म्हातारपणी हळूहळू विझत जाणाऱ्या बुद्धीचा. दुसरा, आजारपणात अचानक भरकटणाऱ्या बुद्धीचा. पहिल्याला डॉक्टर लोक डिमेन्शिया म्हणतात, दुसऱ्याला डिलिरियम. (आयुर्वेदातल्या सन्निपात ज्वरात 'प्रलाप' येतो, तो साधारण या दुसऱ्याच प्रांतातला.)

मग गोंधळ कुठे होतो? साठी उलटलेल्या माणसाला वात झाला की! परवापर्यंत पेपर वाचून राजकारणावर तावातावाने बोलणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा आज रात्री म्हणतात, भिंतीवर मुंग्या चालल्यात. सकाळी बरे असतात, संध्याकाळी मुलालाच विचारतात, आपण कोण? घरचे सुस्कारा सोडतात, "वय झालं आता." आणि म्हण जिंकते.

हे जिंकणं महागात पडू शकतं. कारण 'वय झालं' म्हटलं की शोध थांबतो. डिलिरियम हा मात्र अलार्म असतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, शरीरातलं पाणी कमी होणं, लघवी तुंबणं, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी... यातलं काहीतरी खाली घडत असतं आणि मेंदू वरून ओरडत असतो. अलार्म बंद करून झोपलो तर आग विझत नाही.

आपल्या धंद्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कालपर्यंत धड चाललेला सर्व्हर आज पहाटेपासून हँग होत असेल, तर 'जुना झालाय' असं लिहून कुणी तिकीट बंद करत नाही. पहिला प्रश्न असतो, कधीपासून? आणि दुसरा, तेव्हा काय बदललं? मग हा साधा प्रश्न माणसाच्या मेंदूबद्दल विचारायला वैद्यकाला इतका वेळ का लागला? हे वाचायला घेतलं आणि अख्खा वीकांत त्यात गेला. (आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, संगणकवाला आहे. हा इतिहासावरचा लेख आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे.)

तर सुरुवात ग्रीसपासून. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत 'साथी' या नावाची पुस्तकं आहेत. त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकात मिळून ४२ रोग्यांच्या नोंदी आहेत, आणि त्या चक्क लॉग फाइलसारख्या आहेत! थासोस बेटावर तटबंदीजवळ राहणारा फिलिस्कस नावाचा माणूस. पहिल्या दिवशी ताप. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप नाही, संध्याकाळी पुन्हा फणफणला, लघवी काळी, रात्री झोप नाही, भान पूर्ण सुटलं. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास गेला. उपचारांबद्दल फार काही नाही, मखलाशी नाही, नुसती दिवसवार नोंद. त्या बेचाळीसपैकी निम्म्याहून जास्त रोगी दगावले, आणि लेखकाने तेही लपवलेलं नाही.

या वैद्यांकडे दोन शब्द होते. तापात आरडाओरडा, तळमळ, भास होणारा तो 'फ्रेनायटिस' (इंग्रजीतला फ्रेंझी त्याचाच वंशज). आणि गुंगीत पडून राहणारा, हाक मारली तर जेमतेम डोळे उघडणारा तो 'लेथार्गस'. रोगी हवेत काहीतरी पकडल्यासारखे हात हलवतो, पांघरुणाचे धागे उपटत बसतो, ही वाईट चिन्हं आहेत, हेही त्यांनी लिहून ठेवलं. आजही वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही नर्सला हे वर्णन ओळखीचं वाटेल.

पुढे पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने 'डिलिरियम' हा लॅटिन शब्द वैद्यकात वापरला. त्याची व्युत्पत्ती मला फार आवडली. 'लिरा' म्हणजे नांगरटीत पडणारी ओळ, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत तास. 'दे लिरा' म्हणजे तास सोडून जाणं. बैल सरळ चालला होता, मध्येच तास सोडून भलतीकडे वळला. बघा, या प्रतिमेतच काळ आहे. आधी तो सरळ चालत होता! 'डिमेन्शिया'ची फोड त्यामानाने सपाट, 'दे' आणि 'मेन्स', मनापासून दूर.

साधारण त्याच काळातल्या कॅपाडोशियाच्या अरेटियसनेही एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. उन्माद मधूनमधून ओसरतो, पण म्हातारपणी सुरू झालेला बुद्धिभ्रंश मध्ये उसंत घेत नाही, शेवटपर्यंत सोबत राहतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी लक्षणांच्या यादीऐवजी आलेखाचा आकार बघत होतं.

मग पुढे काय बिनसलं?

नावं बिनसली. आपल्याकडे जुन्या कोडमध्ये 'टेंप' नावाचं व्हेरिएबल असतं, ज्यात प्रत्येक जण हवं ते भरतो, तसं या शब्दांचं झालं. फ्रेंचमध्ये 'देलीर' हा शब्द तापातल्या बडबडीसाठीही आणि वेड्या समजुतींसाठीही वापरला जाऊ लागला. 'डिमेन्शिया' तर कायद्याच्या भाषेत व्यवहार सांभाळता न येणाऱ्या कुणालाही लागायचा, मग वय काही का असेना आणि तो बरा होणार असो वा नसो. एस्किरोल हा मोठा फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ. त्याच्या १८३८ च्या ग्रंथात डिमेन्शियाचे तीन प्रकार आहेत, त्यात एक चक्क 'तीव्र' आणि बरा होऊ शकणारा! म्हणजे आज ज्याला आपण बहुधा डिलिरियम म्हणू असे कितीतरी रोगी डिमेन्शियाच्या खात्यात जमा होते.

एकोणिसाव्या शतकात गुंता हळूहळू सुटत गेला. १८१३ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस सटनने दारुड्यांना होणाऱ्या थरथरत्या भ्रमाला 'डिलिरियम ट्रेमेन्स' असं वेगळं नाव दिलं. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप शास्लँने 'मानसिक गोंधळ' ही अवस्था स्वतंत्रपणे मांडली. १९१० च्या सुमारास जर्मनीत कार्ल बोनहोफरने एक मार्मिक निरीक्षण केलं. कारणं शेकडो असली, म्हणजे विषमज्वर, विषबाधा, डोक्याला मार, तरी मेंदूच्या बिघाडाचे नमुने मोजकेच असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आत चूक कुठलीही असो, पडद्यावर एरर मेसेज तोच! त्यामुळे मेसेजकडे बघून कारण कळत नाही. ते शोधावंच लागतं.

दरम्यान दुसऱ्या कप्प्यातही हालचाल होती. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. स्मरणशक्ती ढासळलेली, नवऱ्याबद्दल संशय. अ‍ॅलॉइस अल्झायमरने तिला तपासलं. एप्रिल १९०६ मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत ते सगळं सांगितलं. १९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. पण गंमत अशी की हे नाव बराच काळ फक्त तुलनेने तरुण रोग्यांपुरतं राहिलं. ऐंशीच्या म्हाताऱ्याचं तेच होत असेल तर ते 'म्हातारपण'! न्यूकॅसलमध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ मध्ये मेंदूतले डाग आणि हयातीतली विस्मृती यांचा संबंध मोजून दाखवला, आणि म्हातारपण हे कारण म्हणून टिकेनासं झालं.

आता या गोष्टीतल्या माझ्या आवडत्या पात्राकडे येऊ. डॉ. मार्जरी वॉरन.

१९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचं गरिबांचं जुनं इस्पितळ ताब्यात घेतलं आणि तिथले ७१४ रोगी वॉरनबाईंच्या पदरात पडले. बहुतेक म्हातारे, बरेचसे अंथरुणाला खिळलेले. सगळे एकत्र कोंबलेले. कोण अर्धांगवायूचा, कोण हृदयाचा, कोण नुसताच पडून पडून आखडलेला, कोण खरोखर बुद्धी गेलेला, कुणाला पत्ता नाही. बाईंनी काय केलं? एकेकाला तपासलं. बस्स! वेगवेगळे गट केले, ज्यांना उठवता येईल त्यांना उठवलं, चालवलं, आणि ज्यांना 'असाध्य' म्हणून सोडून दिलं होतं त्यांतले कितीतरी जण घरी गेले. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिले, आणि वृद्धांसाठी वेगळं वैद्यक हवं ही कल्पना ब्रिटनमध्ये रुजली. त्यांचा विषय फक्त डिलिरियम नव्हता. पण 'म्हातारा' हे निदान नाही, ही गोष्ट त्यांनी एकेका खाटेपाशी जाऊन सिद्ध केली.

पुढचं पाऊल मार्टिन रॉथचं (वर न्यूकॅसलमध्ये भेटलेला तोच). हे माझ्यासारख्या विदाप्रेमी माणसाला फार भावलं. चिचेस्टरच्या ग्रेलिंगवेल इस्पितळात साठीपुढच्या चारशेहून अधिक मनोरुग्णांच्या नोंदी त्याने काढल्या. लक्षणांवरून पाच गट केले आणि मग फक्त एवढंच बघितलं की सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी हे लोक कुठे होते. घरी, इस्पितळात की स्मशानात? १९५५ मध्ये छापलेल्या त्या निबंधातले गट स्पष्ट वेगळे निघाले. म्हातारपणीच्या बुद्धिभ्रंशातले बहुतेक जण दोन वर्षांत वारलेले होते. 'तीव्र गोंधळा'चा गट मात्र सहा महिन्यांतच दोन टोकांना फुटला, बरेचसे बरे होऊन घरी गेलेले आणि जवळपास बाकीचे सगळे मेलेले. खाटेवर रेंगाळणारे थोडेच. आणि नैराश्याने ग्रासलेले, जे दिसायला अनेकदा बुद्धी गेल्यासारखेच दिसायचे, ते बहुतांशी घरी परतलेले!

याचा अर्थ काय? पहिल्या दिवशी खाटेवर सारखेच दिसणारे तीन म्हातारे तीन वेगळ्या रस्त्यांवर होते. आणि डिलिरियमच्या रस्त्याला लवकरच फाटा होता, एक घराकडे, एक स्मशानाकडे. त्या फाट्यावर कुणी 'वय झालं' म्हणून हात झटकले तर?

अमेरिकेत जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो हे दोघं याच प्रश्नाकडे यंत्र घेऊन गेले. मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवता येतात हे हान्स बर्गरने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. या दोघांनी १९४० च्या दशकात दाखवलं की डिलिरियममध्ये लहरी मंदावतात, आणि मूळ आजार सुधारला की त्या पुन्हा वेग घेतात. (दारू सोडल्यावर होणारा भ्रम याला अपवाद, तिथे लहरी मंद होत नाहीत.) १९५९ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात त्यांनी डिलिरियमला मेंदूचं निकामी होणं म्हटलं, जसं मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होतं तसं. त्यांची तक्रारही रास्त होती. मूत्रपिंड बंद पडलं की डॉक्टर धावपळ करतात, आणि मेंदू बंद पडायला लागला की म्हणतात, जरा गडबडलेत एवढंच.

तरीही नावांचा घोळ चालूच होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९५२ च्या वर्गीकरणात 'तीव्र' आणि 'जुनाट' असे मेंदूविकार होते, आणि भेद कशावर? तर बरा होईल की नाही यावर. म्हणजे निदान आज करायचं आणि निकष उद्याचा निकाल! कोड चालवून झाल्यावर टेस्ट केस लिहिण्यासारखंच हे. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत डिलिरियमला समोर दिसणाऱ्या लक्षणांवर आधारलेले निकष मिळाले. त्याच वर्षी पोलंडमध्ये जन्मलेल्या झ्बिगन्येव्ह लिपोव्स्कींचा डिलिरियमवरचा ग्रंथ आला. १९८३ मध्ये त्यांनी उत्तेजित आणि शांत असे प्रकार मांडले, आणि ग्रीकांचे फ्रेनायटिस आणि लेथार्गस बऱ्याच शतकांनी एकाच छपराखाली आले.

यातला शांत प्रकार सगळ्यात फसवा. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. गुंगीत पडलेल्या आजीबद्दल म्हणतात, "बरंय, झोपल्यात."

आणि मग १९९०. येल विद्यापीठातल्या डॉ. शेरॉन इनोये आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली, जी बघून कुठलाही प्रोग्रामर खूश होईल. चार प्रश्न :

अ. बदल अचानक झाला का, आणि तो कमीजास्त होतोय का?
ब. लक्ष टिकतंय का, की भरकटतंय?
क. बोलणं विस्कळीत आहे का?
ड. जागेपणाची पातळी बदललीये का, म्हणजे गुंगी किंवा उलट अति सावधपणा?

डिलिरियम म्हणायचं केव्हा? अ आणि ब दोन्ही हवेत, शिवाय क किंवा ड यातलं निदान एक हवं. संपलं! रक्त नाही, स्कॅन नाही, एका ओळीची अट. आणि नीट बघा, यादीत स्मरणशक्ती नाहीच. कारण विस्मृती दोन्हीकडे असते. डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणूस गोष्टी विसरतो, पण समोर बसून तुमच्याकडे लक्ष देऊ शकतो. डिलिरियममध्ये लक्षच टिकत नाही. म्हणून डॉक्टर वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगतात. साधा खेळ वाटतो, पण ऑक्टोबरच्या आसपास गाडी घसरली तर ती कुठे घसरली हे कळतं.

पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठून येणार? ते रोग्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरने या आजोबांना आयुष्यात प्रथमच पाहिलेलं असतं. काल ते कसे होते हे त्याला माहीत असणं शक्य नाही. ते फक्त घरच्यांना माहीत असतं. इतक्या शतकांच्या शोधानंतर वैद्यक शेवटी येऊन थांबलं ते घरच्या माणसाच्या साक्षीपाशी.

आता काही अडचणीच्या जागा, नाहीतर गोष्ट फारच गोंडस होईल. जपानच्या केंजी कोसाकांनी १९७६ पासून वर्णन केलेला लुई बॉडी डिमेन्शिया हा डिमेन्शिया असूनही दिवसागणिक कमीजास्त होतो आणि त्यात भासही होतात. तिथे तज्ज्ञांचीही कसोटी लागते. दुसरं म्हणजे हे दोन्ही आजार एकमेकांचे शत्रू नाहीत, सोबती आहेत. ज्याला आधीच डिमेन्शिया आहे त्यालाच डिलिरियम सगळ्यात सहज होतो. म्हणजे 'त्यांना स्मृतिभ्रंश आहेच' हे उत्तर पुरेसं नाही. 'त्यांना आहेच, पण मंगळवारपासून वेगळंच काहीतरी चाललंय' हे उत्तर महत्त्वाचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियाचे आहेत. त्यांच्या बाबतीत हा फरक कोण सांगणार?

तिसरं, 'बरा होतो' हा शब्दही जपून वापरायला हवा. २०१३ मध्ये अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या रोग्यांचा अमेरिकन अभ्यास आला. वर्षभरानंतरही साधारण तिघांतल्या एकाची बौद्धिक चाचणी डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसासारखी होती, आणि डिलिरियम जितके जास्त दिवस टिकला होता तितकी घसरण जास्त. म्हणजे अलार्म लवकर ऐकण्याला किंमत आहे.

मग औषध काय? इथे इनोयेंचाच १९९९ चा अभ्यास वाचून मी थक्क झालो. सत्तरीपुढचे ८५२ रोगी. निम्म्यांना नेहमीची सेवा. उरलेल्यांना काय? चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं, पाणी पाजणं, रोज उठवून चालवणं, आज वार कुठला हे फळ्यावर लिहिणं, गप्पा मारणं, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळून देणं! नेहमीच्या गटात १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. मात्र एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता फारशी कमी झाली नाही. उलट २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत, अतिदक्षता विभागात शांत करायला देतात त्या हॅलोपेरिडॉलने डिलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत. थोडक्यात, आजीचं गरम दूध पेपरात छापून आलं.

आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, बंगळुरात किंवा साता समुद्रापार, आणि आईवडील गावी. दर रविवारी फोन होतो. "जेवलात का? बीपीची गोळी घेतलीत का?" एवढ्यावर संपतो. हा फोन म्हणजे खरंतर आपल्याकडचा एकमेव लॉग आहे. बाबा नेहमी क्रिकेटवर दहा मिनिटं बोलतात, आणि या रविवारी दोनदा वाक्य अर्ध्यात सोडलं, हे जगात फक्त तुम्हाला कळू शकतं. तसं झालं तर शेजारच्या काकांना लगेच घरी पाठवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला सांगा. सोबत तीन गोष्टी कळवा : शेवटचं नीट बोलणं कुठल्या तारखेला झालं, नवीन गोळी कुठली सुरू झाली, आणि ताप, लघवी, जुलाब, पडणं यातलं काही झालं का. डॉक्टरने "वय झालंय" म्हटलं, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की गेल्या रविवारीही वय तेवढंच होतं.

असो. लेख फारच लांबला. पुढच्या वीकांताला हलकंफुलकं काहीतरी लिहीन म्हणतो. तोवर घरी फोन करा, आणि या खेपेला क्रिकेटवरही बोला.